नागणसुरे अण्णांची शिफारस

नागणसुरे अण्णा कुणाच्याही घरी गेले, की उंबऱ्याबाहेर चपला काढून आधी तांब्याभर पाणी मागत. पाणी पिऊन झालं, की घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे वळून म्हणत, "चल, तुजी अभ्यासाची जागा दाखव." मार्क किती पडले, घरात खाणारी तोंडं किती, कमावणारे किती, हे प्रश्न नंतर. कधी कधी ते विचारायचे राहूनही जात.

सत्तरच्या दशकात सोलापुरात एक सेवाभावी क्लब होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहायचं आहे ते त्या क्लबाला दूषण देण्यासाठी नाही. डॉक्टर, वकील, कारखानदार, दोन-तीन प्राध्यापक असे त्याचे सभासद. दरवर्षी मॅट्रिक झालेल्या काही गरजू मुलांना हा क्लब कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देई. अर्ज ढिगानं येत. त्यातलं खरं-खोटं घरोघरी जाऊन पाहायचं काम मात्र कुणालाच नको असे. सोलापूरचा जून म्हणजे पाऊस येईल येईल म्हणत डोकं तापवणारा महिना. त्या उन्हात बोळाबोळांतून कोण फिरणार? ते काम आपसूक अण्णांकडे आलं होतं. सात रस्त्याजवळ त्यांचं सायकलींचं दुकान होतं. मोटारीतून बैठकीला येणाऱ्या सभासदांत हे एकटे सायकलवरून येत. उंच, किडकिडीत, कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर पोटरीच्या वर खोचलेलं आणि नखांत कायमचं बसलेलं काळं ग्रीस. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. लहान मुलगी असो की म्हातारी बाई, सगळ्यांना हाक एकच, "अव्वा."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच दारात. आम्ही शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहत होतो. घरात तेलुगू बोलायचो. माझे वडील, त्यांना आम्ही नायना म्हणायचो, एका कारखान्यात यंत्रमागावर होते. अम्मा मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले होते आणि मुख्याध्यापकांनी माझा अर्ज क्लबाकडे पाठवला होता.

"कुटं बसतीस अभ्यासाला?" अण्णांनी विचारलं.

"कुठंही," मी म्हणाले.

"कुटंही न्हवं. मानसाची एक जागा असतीय की. दाखव."

मला लाज वाटत होती, पण न्यावं लागलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत पूर्वी नायनांचा हातमाग होता. माग मोडून विकला होता, पण विणकराला पाय सोडून बसायला जमिनीत जो खड्डा असतो तो तसाच राहिला होता. मी त्या खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि समोर फळी टाकून त्यावर पुस्तक ठेवायची. अण्णा क्षणभर पाहत राहिले. मग धोतर सावरून ते स्वतःच खड्ड्यात उतरले. त्यांचे गुडघे फळीला अडले.

"हितं काय काय वाचलंस?"

"सगळंच."

"भूगोल बी?"

"भूगोल पण."

"म्हंजे खड्ड्यात बसून सगळी पृथ्वी बगितलीस म्हन की!" ते मोठ्यानं हसले. अम्मालाही हसू आलं. आमच्या घरात परका माणूस येऊन हसल्याचं मला आठवत नव्हतं.

तेवढ्यात नायना कामावरून आले. जिना चढून आल्यासारखी त्यांना धाप लागली होती, आणि आमच्या घराला जिना नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकले. अण्णांचं लक्ष फळीवरच्या औषधाच्या पुड्यांकडे गेलं. त्यांनी काही विचारलं नाही. नायनांनी आपणहून सांगितलं, कारण खोटा अर्ज केला असं अण्णांना वाटू द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना क्षय होता. वर्षभर ते नातेवाइकाकडे जातो असं सांगून दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला जात. आता उतार पडला होता. पण कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्रमागांच्या खडखडाटात माणसाचा खोकला ऐकू येत नाही.

"कुणाला सांगू नका," नायना म्हणाले. "पोटावर पाय येईल."

"अर्जावर लिवावं लागंल," अण्णा म्हणाले. "पर ते कमिटीपुरतं. भाईर जानार न्हाई. माजा शब्द."

मला शिष्यवृत्ती मिळाली. एका रविवारी सकाळी समारंभ होता. मंचावर निळा पडदा, हार, ध्वनिक्षेपक. नायनांनी पांढरा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. ते तिसऱ्या रांगेत बसले. आमच्या गल्लीतले चार-पाच जण आणि कारखान्यातले दोघेही आले होते, कारण गल्लीतली पहिली मुलगी कॉलेजात जाणार होती.

अध्यक्ष वकील होते. आवाज खणखणीत. एकेका मुलाचं नाव पुकारून ते त्याची परिस्थिती वाचून दाखवत, म्हणजे देणगीदारांना आपला पैसा योग्य ठिकाणी गेल्याचं समाधान मिळे. दरवर्षीची पद्धत होती ती. मी मंचावर उभी राहिले. त्यांनी माझा अर्ज उचलला आणि त्याखाली अण्णांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळींसकट सगळं वाचलं. "आई विड्या वळते. वडील वर्षभर क्षयरोगाने आजारी असून…"

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी नायनांकडे पाहत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी खुर्च्या सरकवल्या. अगदी हळू सरकवल्या, वाईट दिसू नये इतक्या हळू. नायना खाली मान घालून बसले होते. त्यांनी रुमाल तोंडावर दाबून धरला होता. समारंभ संपेपर्यंत ते एकदाही खोकले नाहीत. त्यासाठी त्यांना काय करावं लागलं असेल, हे त्यांच्या मानेच्या ताणलेल्या शिरांवरून मला कळत होतं. अण्णा मंचाच्या कडेला उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाकीट हातात घेऊन मी खाली आले, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी कारखानदारानं नायनांना दारातूनच परत पाठवलं. "बरा होऊन ये," एवढंच म्हणाला. शेजारणीनं अम्माकडून नेलेलं भांडं धुऊन, उन्हात वाळवून परत केलं आणि पुन्हा काही मागायला ती आली नाही.

त्या संध्याकाळी अण्णा आले. सायकल गल्लीच्या तोंडाशी ठेवून ते सगळ्यांच्या देखत चालत आले. आमच्या दारासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "गड्डम, पानी द्या." गड्डम हे आमचं आडनाव. नायना दारातच बसले होते, समोर त्यांचा पेला होता. अण्णांनी तोच उचलला आणि गल्लीतले लोक पाहत असताना त्यातलं पाणी घटाघटा प्यायले.

मला ते फार आवडलं होतं. नायनांना नाही. ते उठून उभे राहिले. नायनांचं मराठी मोडकं होतं, पण त्या दिवशी एकही शब्द चुकला नाही. "काल तिथं लोकांसमोर झालं. आज इथं लोकांसमोर. मी काय तमाशा आहे का?"

अण्णांच्या हातात पेला तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "चुकलं माजं. कालचं बी, आजचं बी." आणि ते गेले. माणूस इतक्या सरळपणे चूक कबूल करतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडची मोठी माणसं चुकली की आधी ओरडत.

मी शिष्यवृत्ती परत करायची ठरवली. क्लबाच्या नावानं पत्र लिहिलं आणि पाकिटासकट घेऊन अण्णांच्या दुकानात गेले. दुकानात ट्यूबचा आणि रबरी चिकटवणाचा वास भरलेला होता. अण्णा एका चाकाचे आरे ताणत बसले होते. त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"परत करनार?"

"हो."

"कर. तुजा हक्क हाय. मी सोता नेऊन देतो." त्यांनी पत्र घडी करून माझ्यासमोर ठेवलं. "फकस्त एक सांग अव्वा. रागानं करतीस की लाजेनं?"

मी पत्राची घडी उलगडून पुन्हा घातली.

"रागानं करत असशील तर आत्ता दे. मी त्या वकिलाच्या टेबलावर आपटून येतो. पर लाजेनं करत असशील तर करू नगंस. लाज आमची हाय. ती तू कशाला घरी घेऊन जातीस?"

राग होता, खूप होता. पण खरं सांगायचं तर पत्र लिहिताना मला रागापेक्षा त्या सरकलेल्या खुर्च्याच दिसत होत्या. मी पत्र उचललं आणि घरी आले. आठवड्यानं कॉलेजात नाव घातलं.

मधल्या काळात अण्णा काय करत होते ते मला पुष्कळ नंतर कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी नायनांचा दाखला मिळवला होता. थुंकी तपासली आहे, आता यांच्यापासून कुणाला धोका नाही, असा. तो घेऊन ते कारखानदाराकडे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी कारखानदार म्हणाला, "अण्णा, कागद मला कळतो. माझ्या बाकीच्या कामगारांना कोण वाचून दाखवणार?" त्याचंही अगदीच खोटं नव्हतं.

मग एके दिवशी दुपारी अण्णा पुन्हा आमच्याकडे आले. या वेळी सायकल दारापर्यंत आणली आणि हळू आवाजात बोलले. "गड्डम, मला चाक बांधनारा पायजे. आरे ववून चाक सरळ करायचं काम. माजा मानूस गावाकडं गेला."

नायना त्यांच्याकडे रोखून पाहत राहिले. "दया आहे का?"

"दया करायला मी काय साहेब हाय? बोटं पायजेत मला. तुटलेला धागा न बगता जोडनारी बोटं. जमलं न्हाई तर मी आठ दिवसांत काडून टाकीन."

नायनांना जमलं. विणकराला ताण कळतो. चाक फिरवून, नुसतं बोट लावून कुठला आरा सैल आहे ते त्यांना समजे. दोन वर्षांत सात रस्त्याच्या आसपासचे दुसरे दुकानदारही चाकं त्यांच्याकडे पाठवू लागले. अण्णांशी त्यांची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. दोघेही कमी बोलत. पण दुपारी दोघं दुकानाच्या मागच्या बाजूला शेजारी बसून भाकरी खात. आपापल्या डब्यातली. अण्णांनी पुन्हा कधी नायनांच्या पेल्यातलं पाणी प्यायलं नाही, आणि मला वाटतं, नायनांना त्याबद्दल त्यांचा फार आदर वाटे.

क्लबातली हकीकत नायनांनीच मला सांगितली. समारंभानंतरच्या बैठकीत अण्णा उभे राहिले. एरवी तिथं इंग्रजी चाले आणि अण्णा गप्प बसत. त्या दिवशी ते म्हणाले, पुढच्या वर्षीपासून मंचावर मुलाचं नाव, मार्क आणि पुढं काय शिकणार एवढंच वाचायचं. अध्यक्षांना नवल वाटलं. "पण अण्णा, आपण वाचलं ते खरंच होतं ना?"

"खरं हुतं म्हनूनच वाचायचं नव्हतं," अण्णा म्हणाले. "खोटं असतं तर मानसाला उठून न्हाई म्हनता आलं असतं."

देणगीदारांना काय सांगायचं, असा प्रश्न निघाला. चर्चा लांबली. अण्णा हट्टाला पेटले. त्यांनी जाहीर केलं की यापुढं ते अर्जावर एक अक्षरही लिहिणार नाहीत. घरं पाहतील आणि फक्त नावं सांगतील. विश्वास असेल तर घ्या, नसेल तर सोडा. क्लबानं सोडलं. पुढच्या वर्षी छापील प्रश्नावली घेऊन एका तरुण सभासदाला पाठवण्यात आलं. त्यानं मोटारीतून चार घरं पाहिली, उन्हानं आजारी पडला आणि उरलेल्या मुलांना पालकांसकट स्वतःच्या कचेरीत बोलावून घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले आणि ते स्वतः अण्णांच्या दुकानात आले. त्या वर्षी अण्णांनी नावं सांगितली आणि मंचावर परिस्थिती वाचणं बंद झालं. एका देणगीदारानं देणगीही बंद केली. अण्णांनी त्याची जागा भरायला दुसरा शोधला, त्याला सहा महिने लागले, आणि त्या वर्षी एका मुलाची शिष्यवृत्ती हुकली. अण्णांना ते टोचत राहिलं. "मी बरोबर हुतो," ते नायनांना म्हणाले होते, "पर त्या पोराला कुटं बरोबर वाटलं असंल?" त्या मुलाचं नाव ते पुढं कधी विसरले नाहीत. त्याला त्यांनी दुकानातली एक सायकल कॉलेजसाठी वापरायला दिली, आणि ती परत मागितली नाही.

मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि शहरातल्याच एका शाळेत गणित शिकवू लागले. तेव्हा घडलेली एक गोष्ट अण्णांनी कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. आता त्यांच्या मुलीला, महादेवीला, विचारून ती लिहिते आहे.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णा फाटकाशी उभे होते. इकडचं तिकडचं बोलले. मग धोतराच्या सोग्यानं उगाचच हात पुसत म्हणाले, "अव्वा, सतरा नंबरचा फारम कुटं मिळतो?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. मला वाटलं, दुकानातल्या कुणासाठी असेल. "कुणाला बसायचंय?"

"मला," ते म्हणाले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अण्णांची शाळा सातवीत सुटली होती. वडील वारले आणि त्यांनी सायकल दुरुस्तीला हात घातला. इतकी वर्षं शेकडो मुलांच्या मॅट्रिकच्या गुणपत्रिका हातात धरून त्यांनी पाहिल्या होत्या. आपण स्वतः मॅट्रिक नाही, हे क्लबात कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. वय झालं होतं अठ्ठावन्न.

ते दर रविवारी सकाळी आमच्याकडे येऊ लागले. इतिहास, मराठी त्यांचं त्यांना येई. इंग्रजीशी त्यांनी झटापट केली. बीजगणित मात्र त्यांना पटतच नसे. "क्ष म्हंजे किती?" ते विचारत. मी म्हणायची, "ते आपल्याला ठाऊक नाही, शोधायचंय." "मग आदीच त्याला नाव कशाला देतीस?" असं त्यांचं म्हणणं. एकदा समीकरण सुटलं तेव्हा मात्र त्यांनी वही दूर धरून इतका वेळ पाहिली, की अम्मा विड्यांचं सूप बाजूला ठेवून पाहायला आली.

पहिल्या वर्षी ते दोन विषयांत नापास झाले. ते सांगायला आले तेव्हा म्हणाले, "बरं झालं. नापास झाल्यावर घरी कसं जायाचं असतं ते मला ठावं नव्हतं. इतकी वर्सं पास झालेल्यांच्याच घरी गेलो." त्या वर्षी त्यांनी क्लबापुढं नवीन सूचना मांडली, की नापास झालेल्या मुलांची फी भरून त्यांना ऑक्टोबरला पुन्हा बसवावं. सूचना त्यांना कुठून सुचली हे कुणाला कळलं नाही. ती मंजूर झाली.

दुसऱ्या वर्षी ते पुन्हा बसले. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका मला दाखवली, घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "कुणाला बोलायचं न्हाई. क्लबात तर न्हाईच. हार घालतील." मी म्हटलं, घालू देत की. ते म्हणाले, "नगं. हे माज्यापुरतं हाय."

त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. दुकानातच, सकाळी फळ्या उघडताना. नायनांनीच त्यांना खाली निजवलं आणि माणसं बोलावली. नायना त्या दिवशी जेवले नाहीत.

क्लबानं शोकसभा घेतली. सभागृह भरलं होतं. शिष्यवृत्ती मिळालेली कितीतरी माणसं परगावांहून आली होती. कुणी इंजिनिअर, कुणी नर्स, कुणी तलाठी. महादेवी माझ्या शेजारी बसली होती. त्या वर्षीचे अध्यक्ष मनापासून बोलले. बोलता बोलता म्हणाले, "अण्णा स्वतः शिकलेले नव्हते, साधी मॅट्रिकही नव्हते, पण शिक्षणाची त्यांना जी कळकळ होती…" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कदाचित सगळ्यांनाच पहिल्यापासून ठाऊक असावं, आणि अण्णांसमोर कुणी कधी उच्चार केला नसावा.

मग सगळे श्रद्धांजलीसाठी उभे राहिले. त्या शांततेत महादेवी माझ्या कानाशी वाकली. दुकानात टायरांच्या मागं तिला दहावीच्या बीजगणिताची एक वही सापडली होती, अक्षर वडिलांचं. तेवढंच तिला माहीत होतं.

"पास झाले होते का हो?" तिनं विचारलं.

"सेकंड क्लास," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले नाहीत. ती ताठ उभी राहिली, आणि लोक बसले तरी थोडा वेळ तशीच उभी होती.